जॉबर पुन्हा चाळीत

मुंबईच्या गिरणगावात जॉबर नावाचा एक सत्ताधीश होता. गिरणीच्या खात्यात तो कामावर देखरेख करी, माणसे लावून घेई आणि काढूनही टाकी. पण त्याची सत्ता खात्यापुरती नसे. गावाहून आलेल्या माणसाला राहायला जागा पाहून देणारा तोच आणि अडीनडीला पैसे उसने देणारा तोच. त्यामुळे संध्याकाळी चाळीच्या जिन्यात तो समोर आला, तर कामगाराला तेथेही अदबीनेच उभे राहावे लागे. चाळीत त्याची मर्जी खप्पा झाली, तर दुसऱ्या दिवशी गिरणीत काम मिळेलच याची खात्री नसे. १९३५ मध्ये सुरू झालेली बदली नियंत्रण पद्धती, त्यानंतर बळावलेल्या कामगार संघटना आणि स्वातंत्र्योत्तर काळातील कामगार कायदे यांनी ही सत्ता हळूहळू छाटली. त्या दीर्घ झगड्यामागचे तत्त्व अगदी साधे होते. वरिष्ठाचा अधिकार फाटकाशी संपला पाहिजे. फाटकाच्या आत तो साहेब असेल. बाहेर तो चार माणसांसारखा एक माणूस असेल.

वेळेच्या बाबतीतही हेच तत्त्व होते. आज रविवारची सुट्टी निसर्गनियमासारखी वाटते; पण मुंबईच्या गिरण्यांत ती १८९० पर्यंत नव्हती. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा, अर्ज आणि सह्या यांच्या बळावर तिचा पाठपुरावा केला, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. गिरणीचा भोंगा कामगाराला कामावर बोलावीत असे, हे खरे. पण काम सुटल्याचे सांगणाराही तोच होता. एकदा तो झाला की कामगाराचा वेळ कामगाराचा झाला, ही गोष्ट साऱ्या गिरणगावाला ऐकू जाई. मालकालाही ती नाकारता येत नसे.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. पण जॉबर परत आला आहे आणि या खेपेस त्याला चाळीचा जिनाही चढावा लागत नाही. तो नोकरदाराच्या खिशात असतो. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर रविवारी सकाळी नऊ वाजता ‘सोबतच्या नमुन्यात माहिती आजच सादर करावी’ असा संदेश येतो. फेसबुकवर विभागप्रमुखांची मैत्रीची विनंती येऊन पडते. सुट्टीत मुलांसमवेत काढलेल्या छायाचित्राखाली साहेबांचा अभिप्राय उमटतो : ‘मजा आहे!’ ही थट्टा आहे की नोंद, याचा विचार करण्यात उरलेली सुट्टी जाते. लोखंडे यांनी मिळवलेला रविवार कोणत्याही सरकारने रद्द केलेला नाही. तो कॅलेंडरात लाल अक्षरांत आजही छापला जातो. तो फक्त राहिलेला नाही.

समाजमाध्यमांवर सहकाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी परस्परांशी कसे वागावे, हा प्रश्न बहुधा शिष्टाचाराचा समजला जातो. ज्याला संदेश नको त्याने मोबाइल बंद ठेवावा, ज्याला साहेबांची मैत्री नको त्याने विनंती नाकारावी, असा सल्ला दिला जातो. दोन समान व्यक्तींतील व्यवहाराला हा सल्ला लागू पडेल. परंतु वरिष्ठ आणि कनिष्ठ हे समान नसतात. तसे ते असते तर एक वरिष्ठ आणि दुसरा कनिष्ठ का म्हटला असता? म्हणून या प्रश्नाची चर्चा शिष्टाचाराच्या प्रकरणात न करता मजुरीच्या आणि सत्तेच्या प्रकरणात करणे आवश्यक आहे.

नोकरीचा करार हा मोठा चमत्कारिक करार आहे. भाजीवाल्याकडून भाजी घेताना काय घेतले आणि किती दिले, हे दोन्ही बाजूंना तिथल्या तिथे कळते. नोकरीत मात्र मालक नेमके कोणते काम विकत घेत आहे, हे आगाऊ ठरलेले नसते. ठरते ते इतकेच, की काही मर्यादेच्या आत मालक सांगेल ते काम नोकर करील. रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात उद्योगसंस्थेच्या अस्तित्वाचे मूळ या व्यवस्थेत शोधले. हर्बर्ट सायमन यांनी १९५१ मध्ये तिचे अधिक काटेकोर विवेचन केले आणि ज्या क्षेत्रात नोकर मालकाचा हुकूम मानावयास तयार असतो, त्या ‘स्वीकाराच्या क्षेत्रा’ची कल्पना मांडली. दोघांच्याही मांडणीत हुकूम हा करारातच आहे, पण मर्यादाही करारातच आहे. मर्यादा काढून टाकली की जे उरते त्याला नोकरी म्हणत नाहीत. त्याला आपल्याकडे जुने नाव आहे : वेठ.

समाजमाध्यमांनी कराराचा एक शब्दही न बदलता ही मर्यादा पुसली आहे. असे का घडले, याचा उलगडा खर्चाच्या हिशेबात होतो. पूर्वी साहेबांना सुट्टीच्या दिवशी कारकुनाकडून काही हवे असले, तर त्यांना शिपाई पाठवावा लागे, चिठ्ठी लिहावी लागे किंवा शेजाऱ्याच्या दूरध्वनीवर निरोप ठेवावा लागे. यात खर्च होता, त्रास होता आणि थोडा संकोचही होता. हा अडथळा साहेबांना विचारी, ‘हे काम सोमवारी होणार नाही का?’ बहुतेक वेळा ते सोमवारी होत असे. आज संदेश पाठविणाऱ्याचा खर्च शून्य झाला आहे आणि सारा खर्च वाचणाऱ्यांवर पडला आहे. समजा, ४० जणांच्या समूहावर एक संदेश आला आणि तो वाचण्यात, समजून घेण्यात प्रत्येकाचे अर्धे मिनिट गेले; तर एका संदेशाची किंमत २० मिनिटे झाली. दिवसाला असे २० संदेश आले तर ४०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ सात तास झाले. एका पूर्ण माणसाचा पूर्ण दिवस रोज खर्च होत आहे आणि तो कोणाच्याही हजेरीपटावर दिसत नाही. ज्या वस्तूची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागत नाही तिची उधळपट्टी होते, हे अर्थशास्त्राचे पहिल्या इयत्तेचे सूत्र आहे. कर्मचाऱ्याचा फावला वेळ ही अशी वस्तू बनली आहे.

हा सारा प्रकार दुष्ट हेतूने सुरू झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्यांची दारे बंद असताना याच समूहांनी कामकाज चालू ठेवले. पुरासारख्या आपत्तीत तालुक्याच्या यंत्रणेला गावागावांशी जोडणारा याहून जलद मार्ग नाही. परंतु आणीबाणीत स्वीकारलेली सोय आणीबाणी संपल्यावर परत करावी लागते. टाळेबंदी उठली, समूह मात्र उठले नाहीत. उलट प्रत्येक योजनेचा, प्रत्येक समितीचा, प्रत्येक दौऱ्याचा एक नवा समूह उभा राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक केंद्राच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि निरनिराळ्या उपक्रमांच्या समूहांत एकाच वेळी असतो. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांची तर पूर्ण वेळ सरकारी नोकर म्हणून गणनाही होत नाही. त्यांना मिळते ते मानधन. परंतु समूहावर माहिती मागताना त्यांचा वेळ मात्र पूर्ण गृहीत धरला जातो. तलाठ्यांच्या आणि शिक्षकांच्या संघटनांनी अलीकडच्या काळात आंदोलनाचे हत्यार म्हणून प्रशासकीय समूहांतून सामुदायिक बाहेर पडण्याचा मार्ग अवलंबिला, ही घटना फार बोलकी आहे. समूह सोडणे हा ज्या व्यवस्थेत संप ठरतो, त्या व्यवस्थेत समूहात असणे हे काम आहे, याचा दुसरा पुरावा कशाला हवा? काम असेल तर त्याला तास असले पाहिजेत. तास असतील तर ते संपलेही पाहिजेत.

वेळेपेक्षाही अधिक गंभीर प्रश्न निष्ठेचा आहे. वेतन श्रमासाठी दिले जाते. निष्ठा, आपुलकी, कौतुक या गोष्टी वेतनात येत नाहीत. त्या मिळवाव्या लागतात. समाजमाध्यमांमुळे त्या वसूल करणे शक्य झाले आहे. साहेबांनी समूहावर एखादा सुविचार टाकला की पाठोपाठ अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. कोणाचा अंगठा आला आणि कोणाचा नाही, हे सर्वांना दिसते. व्हॉट्सॲपवर संदेश वाचल्याची निळी खूण खासगी संभाषणात बंद ठेवता येते; समूहात ती सोय नाही. तेथे आपला संदेश कोणी वाचला याची यादी पाठविणाऱ्याला पाहता येते. वाचूनही गप्प राहिलेला माणूस त्या यादीत उघडा पडतो. पूर्वी साहेबांच्या विनोदाला न हसण्याची जोखीम खोलीतल्या चार जणांपुरती होती; आता तिची लेखी नोंद राहते.

खासगी शिक्षणसंस्था, पतसंस्था, साखर कारखाने, दूधसंघ यांचे जाळे महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाचा कणा आहे आणि त्यांचे अध्यक्ष पुष्कळदा राजकारणातही असतात. अशा संस्थेतील शिक्षकाने किंवा कारकुनाने अध्यक्षांच्या वाढदिवशी शुभेच्छांचे चित्र आपल्या ‘स्टेटस’वर लावले नाही, तर ते विस्मरण मानले जात नाही; ती भूमिका मानली जाते. निवडणुकीच्या दिवसांत तर मौन हेच मत ठरते. मतपेटी गुप्त ठेवण्यासाठी लोकशाहीने एवढी यातायात केली. आणि नोकरदाराचा मोबाइल ही मात्र उघडी मतपेटी होऊन बसली. आपल्या वेळेचा काही भाग त्याने विकला होता. आपला चेहरा विकल्याचे त्याला आठवत नाही.

फेसबुकवरील वरिष्ठाची मैत्रीची ‘विनंती’ याच दृष्टीने तपासली पाहिजे. विनंतीची खूण अशी की ती नाकारल्याने काही बिघडत नाही. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल, वेतनवाढ, बदली आणि रजेचा अर्ज आहे, त्याने केलेली विनंती ही व्याकरणाने विनंती असेल. व्यवहारात तो हुकूमच असतो. ती स्वीकारली तर घरातील लग्नकार्य, मित्रांचे राजकीय वाद, देवदर्शनाची सहल, हे सारे मूल्यमापन करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उघडे होते. रजेच्या अर्जात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ लिहिणाऱ्याचे एखाद्या समारंभातील छायाचित्र वरिष्ठाच्या दृष्टीस पडते. ते छायाचित्र मागील वर्षीचे असले, तरी खुलासा करण्याची पाळी कनिष्ठावरच येते. वरिष्ठाच्या मनात वैरभाव नसेलही. पण जे एकदा पाहिले ते न पाहिल्यासारखे करून अहवाल लिहिणे ही स्थितप्रज्ञाची कसोटी झाली आणि कार्यालये स्थितप्रज्ञांच्या भरवशावर चालविता येत नाहीत.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी धार येते. रात्री साडेदहाला कामाच्या निमित्ताने आलेला संदेश, त्यामागोमाग ‘अजून जाग्या?’ ही पृच्छा, मग छायाचित्राची स्तुती, अशी ही चढती भाजणी पुष्कळ जणींच्या परिचयाची आहे. पहिल्याच पायरीला हटकावे तर ‘कामाचेच तर विचारले’ हे उत्तर तयार असते. तिसऱ्या पायरीला हटकावे तर ‘इतके दिवस का बोलला नाहीत?’ हा प्रश्न तयार असतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अनिच्छेने सोसाव्या लागणाऱ्या शाब्दिक वर्तनाचाही समावेश आहे आणि दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. पण समितीकडे जाण्याची वेळ शेवटच्या पायरीवर येते. कार्यालयीन वेळेनंतर खासगी संदेश पाठवावयाचाच नाही, असा सरसकट दंडक असेल तर पहिली पायरीच उरत नाही.

सहकाऱ्यांच्या परस्परसंबंधांतही एक जुनी सुरक्षितता नाहीशी झाली आहे. कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर साहेबांची नक्कल होई, पगारवाढीवर कुरबूर होई आणि चहाबरोबर ती विरूनही जाई. कष्टकऱ्याच्या मनाची वाफ बाहेर पडण्याची ती जागा होती. आता साहेबांना वगळून वेगळा समूह केला जातो. पण तेथे बोललेले विरत नाही. त्यातील एखादा सभासद पडद्याचे छायाचित्र काढतो आणि ते पंधरा मिनिटांत केबिनमध्ये पोचते. चुगली पूर्वीही होती. पण तेव्हा ती चुगलखोराच्या शब्दावर अवलंबून असे. आता ती पुराव्यानिशी येते.

न्यायालयांपुढे हे प्रश्न येऊ लागले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठापुढे २०२३ मध्ये ग्रामीण बँकेच्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. त्याने कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप समूहात वरिष्ठांवर टीका केली म्हणून त्याच्यावर आरोपपत्र ठेवण्यात आले होते. न्यायालयाने ते रद्द केले. मनातील राग बोलून दाखविण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे आणि खासगीत केलेली कुरबूर समूहात केली म्हणून व्यवस्थापनाच्या कारवाईचा विषय होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र, वेतनकराराचा वाद चालू असताना फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध प्रक्षोभक मजकूर लिहिणाऱ्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरविली. गैरवर्तन कारखान्याच्या आवारात घडले नाही, एवढ्यावरून ते गैरवर्तनाच्या व्याख्येबाहेर जात नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटले, तरी त्यांतून एक रेषा दिसते. चव्हाट्यावर बोललेल्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर आहे. चार भिंतींआड बोललेले चार भिंतींआडच राहिले पाहिजे. अडचण इतकीच की समाजमाध्यमांच्या भिंती काचेच्या आहेत.

या बाबतीत शासनसंस्थेची दृष्टी कोणत्या दिशेला आहे, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापरासंबंधी शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागद प्रसृत करू नयेत, अशी बंधने त्यात आहेत. खाती वेगळी ठेवण्याचा आदेश शहाणपणाचा आहे. परंतु या निर्णयाचा सारा रोख कनिष्ठाने काय बोलू नये यावर आहे. आणि दुखणे आहे ते वरिष्ठाने केव्हा बोलावू नये याचे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला ठेवली आहे. नागरिक म्हणून मिळालेला हक्क नोकर म्हणून फाटकाशी ठेवून आत जावे, असाच याचा अर्थ होऊ शकतो.

कामाच्या तासांचा कायदाही येथे अपुरा पडतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेतून गोपनीय, व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या स्वरूपाची पदे वगळलेली आहेत. त्यामुळे ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, अशाही तरुणाला ‘मॅनेजर’ म्हणण्यात मालकाचा फायदा असतो. हुद्द्याबरोबर त्याला मोबाइलही मिळतो आणि मग त्याचा दिवस कधी संपतो हे कोणी विचारीत नाही. अशा वेळी मर्यादा आखण्याऐवजी ती सैल करण्याकडेच कल दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याचा खुलासा त्याबरोबर करण्यात आला. पण समूहावरील संदेशांत जाणारा वेळ या ४८ तासांत कोण मोजतो?

इतर देशांनी या प्रश्नाला तीन प्रकारे हात घातला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काबाबत कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेबाहेरचा संपर्क नाकारण्याचा अधिकार दिला. नकार अवाजवी असता कामा नये, एवढीच अट आहे. पोर्तुगालने २०२१ च्या कायद्यात तिसरा मार्ग धरला. तेथे अनिवार्य प्रसंग वगळता विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न साधणे हे मालकाचे कर्तव्य ठरविण्यात आले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत असा हक्क देणारे खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे लक्षात घेता त्याच्या भवितव्याविषयी मोठ्या आशा बाळगता येत नाहीत. पण त्यातील विचार बाद करता येणार नाही.

या तीन मार्गांपैकी पोर्तुगालचा मार्ग भारतीय परिस्थितीला अधिक मानवणारा आहे. फ्रान्सच्या पद्धतीत वाटाघाटी करणारी बलिष्ठ संघटना गृहीत धरली आहे. ती आपल्याकडे फार थोड्या आस्थापनांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत नकार देण्याचे धैर्य गृहीत धरले आहे. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात अशा देशात नकाराचा हक्क कागदावर राहतो. तो वापरणाऱ्याची कंत्राटी मुदत पुढच्या मार्चमध्ये वाढत नाही आणि कारण कोठेही लिहिले जात नाही. ज्याला नकार परवडत नाही त्याला नकाराचा हक्क देणे म्हणजे उपाशी माणसाला पाककृतीचे पुस्तक देण्यासारखे आहे. म्हणून मर्यादा पाळण्याची जबाबदारी ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यावर टाकली पाहिजे.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातील आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. हिंजवडीत बसून अमेरिकेतील ग्राहकासाठी काम करणाऱ्याला घड्याळ पाहून चालत नाही, हा पहिला आक्षेप. परंतु रात्रीची पाळी मुंबईला नवी नाही. गिरण्यांतही ती होती. पाळीला सुरुवात असते, शेवट असतो आणि मोबदला असतो. तक्रार रात्रीच्या कामाविषयी नसून न मोजलेल्या कामाविषयी आहे. रुग्णालय, वीजपुरवठा, पोलीस अशा सेवांत बोलावणे अवेळीच येते, हा दुसरा आक्षेप. तेथेही तयारीवर राहण्याची पाळी लावता येते आणि तिचा मोबदला देता येतो. आज दहा जणांनी रात्रभर मोबाइल उशाशी घेऊन झोपायचे आणि त्याची दखल कोणी घ्यायची नाही, ही स्थिती आहे. एकाने पाळीने जागे राहणे हे दोन्ही बाजूंना अधिक सोयीचे होईल. कार्यालयातील मैत्री हीच काही जणांच्या आयुष्यातील खरी मैत्री असते, तिला नियमांनी का बांधावे, हा तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे. याचे उत्तर असे की समान दर्जाच्या सहकाऱ्यांच्या मैत्रीआड कोणीही येऊ नये. वरिष्ठ-कनिष्ठांतही स्नेह असू शकतो. तो चहाच्या टेबलावर, घरच्या कार्यात, निवृत्तीनंतरच्या भेटीत फुलतो. मात्र पुढाकार कनिष्ठाचा असेल तरच तो स्नेह आहे की धाक आहे, हे ओळखता येते. साहेबांनी स्वतः मैत्रीची विनंती पाठवू नये, एवढे पथ्य पाळल्याने कोणताही खरा स्नेह मरणार नाही.

कायदा होईपर्यंतही प्रत्येक कार्यालयाला करता येण्यासारखे बरेच आहे. कार्यालयीन समूह फक्त कार्यालयीन वेळेत चालावा. त्या वेळेनंतर खरीच निकड असेल, तर वरिष्ठाने संबंधित एका माणसाला स्वतः दूरध्वनी करावा. दूरध्वनी करताना ‘त्रास देतो’ असे म्हणावे लागते, समोरच्या घरातील आवाज ऐकू येतात, जेवणाची वेळ असल्याचे कळते. शिपाई पाठविण्याच्या काळी जो संकोच साहेबांना आवरीत असे, तो या एका नियमाने परत येईल आणि चाळीस जणांची झोप एका संदेशाने मोडणार नाही. समूहावरील सूचनेला आदेशाचे स्थान नसावे. आदेश काढावयाचा असेल तर तो जावक क्रमांकासह, सहीनिशी निघावा. आज समूहावर दिलेली तोंडी सूचना चुकीची ठरली तर पुसून टाकता येते. पण तिच्यानुसार केलेले काम कनिष्ठाला पुसता येत नाही. गोपनीय अहवालात खासगी खात्यावरील मजकुराचा आधार घेऊ नये. शुभेच्छा, जाहिरात किंवा प्रचार यांसाठी कोणाच्याही ‘स्टेटस’ची मागणी करणे गैरवर्तन मानावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला एक पैचा खर्च नाही. आणि कदाचित म्हणूनच त्यांना मंजुरी मिळणे अवघड आहे, कारण जेथे निविदा नाही तेथे उत्साहही नसतो.

कामगार चळवळीलाही यात आत्मपरीक्षणाला जागा आहे. महागाई भत्ता आणि बोनस यांसाठी रस्त्यावर येणाऱ्या संघटनांनी कर्मचाऱ्याच्या संध्याकाळचा प्रश्न मागण्यांच्या यादीत फार उशिरा घेतला. याचे एक कारण असे की या शोषणाचा घाम दिसत नाही. घरी बसलेला माणूस मोबाइलकडे पाहत आहे, यात कष्ट ते काय, असे त्याच्या घरच्यांनाही वाटते. परंतु जेवताना ज्याचा डावा हात मोबाइलवर आहे आणि मुलाच्या प्रश्नाला ‘थांब जरा’ हेच ज्याचे उत्तर आहे, तो घरी नाही. तो कामावर आहे आणि त्याची हजेरी लागलेली नाही.

जॉबरची सत्ता मोडली ती जॉबर सद्गुणी झाले म्हणून नव्हे. फाटक कोठे आहे हे ठरविण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घेतला गेला, म्हणून ती मोडली. आजच्या कचेरीला फाटक आहे, रखवालदार आहे आणि आत-बाहेर जाण्याची वेळ टिपणारे यंत्रही आहे. सायंकाळी सहा वाजता ते यंत्र कर्मचारी बाहेर गेल्याची नोंद करते. ती नोंद खरी ठरविणे, हे आता साहेबांचे कर्तव्य आहे.